उपास आमचा, उतारा भावाचा

(वाळवा आणि शिराळा तालुक्यांतील बचत गटांच्या मेळाव्यात इस्लामपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या मेळाव्यात मी शिराळ्याच्या सहलीवर बोलणार आहे, हे कळल्यावर आमच्याच एका कार्यकर्तीनं नाक मुरडलं. म्हणाली, "बायकांच्या मेळाव्यात देवळाचं वर्णन कशाला? हक्कांवर बोल." मी तिला म्हटलं, थांब, हक्कांवरच बोलणार आहे. पण वाट शिराळ्यावरून जाते.

2025 च्या नागपंचमीनंतर, गर्दी ओसरल्यावर, आम्ही 22 जणी गेलो होतो. सहल तुमच्याच गटांनी मागितलेली. मी माहिती अधिकाराचं शिबिर सुचवलं होतं, तुम्ही शिराळा म्हणालात. इस्लामपुरातून निघालो, पेठ नाका ओलांडला, की उसाच्या पट्ट्यातून डोंगरांच्या दिशेनं रस्ता जातो. (इस्लामपूर म्हणायची जीभेला सवय आहे. 2025 साली सरकारनं ईश्वरपूर म्हणायचं ठरवलं, आणि जुन्या म्हाताऱ्या अजून उरूणच म्हणतात.) बत्तीस गावांचं म्हणून बत्तीस शिराळा, असं सांगतात. गोरक्षनाथाचं देऊळ, अंबामातेचं देऊळ आणि समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती, एवढं सगळं एका गावात. अकरांतला दुसरा मारुती तर आपल्या बह्याला, कृष्णेच्या बेटावर आहे. ती आपली नेहमीची जागा, म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

शिराळ्याची मूळ गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, तरी सांगते, कारण ती बाईपासून सुरू होते आणि हे आपण विसरतो. गोरक्षनाथ भिक्षेला महाजनांच्या दारात आले. घरची बाई भिक्षा घालायला उशिरा बाहेर आली. का उशीर, विचारलं, तर म्हणाली, मातीच्या नागाची पूजा करत होते. नाथ म्हणाले, जिवंत नागाची करशील का? ती हो म्हणाली. नाथांनी मातीचा नाग जिवंत केला, आणि तेव्हापासून शिराळ्यात जित्या नागाची पूजा सुरू झाली. पंचमीच्या पालखीत महाजनांच्या घराला मान आहे तो यामुळं.

आता बघा. पूजा बाईची. मातीचा नाग बाईचा. जिवंत नागाला हात जोडायचं धाडसही बाईचंच. पुढं काय झालं? मी शाळकरी असताना मामाकडून शिराळ्याची पंचमी पाहिलेली आहे. आधीचे कित्येक दिवस गावातले पुरुष रानोमाळ हिंडून नाग धरायचे, मडक्यात ठेवायचे. पंचमीच्या दिवशी सकाळी नाग घरोघर यायचे, बायका हळद-कुंकू वाहायच्या, आणि मग नाग अंबामातेच्या दर्शनाला आणि तिथून ट्रॅक्टरवर मिरवणुकीत. रस्ता माणसांनी गच्च. कुणाचा नाग लांब, कुणाचा फणा उंच, याच्या चढाओढी. मंडळांची नावं, फलक, वाजंत्री. माझी मामी आणि तिच्या जावा सकाळी दहा मिनिटं नागापुढं उभ्या राहिल्या, ती पंचमी त्यांची. उरलेला दिवस त्या माडीच्या खिडकीतून बघत होत्या आणि खाली पाहुण्यांची पंगत वाढत होत्या.

आणि नागाचं काय? दिवसेंदिवस मडक्यात कोंडलेला, कानठळ्या बसवणाऱ्या गर्दीत हलवला-डिवचला जाणारा जीव तो. नाग दूध पीत नाही, बेडूक-उंदीर खातो, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग पकडायला आणि खेळवायला बंदी होतीच, पण शिराळ्यात ती कागदावर राहिली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 2014 साली न्यायालयानं कायदा पाळायला लावला. तेव्हा केवढा गदारोळ झाला. हजार वर्षांची परंपरा बुडाली, गाव ओस पडणार, असं म्हणणारे सगळे पुरुष होते. मोर्चे त्यांचे, निवेदनं त्यांची. ज्या बाईनं ही पूजा सुरू केली तिच्या नाती-पणतींना कुणी विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

आम्ही विचारलं. देवळाजवळच्या एका घरात ऐंशीच्या पुढची आजी ओसरीवर बसलेली होती. ती म्हणाली, "जित्या नागापुढं हात जोडताना निम्मं ध्यान त्याच्या फण्याकडं असायचं. देवाचं नाव कुटलं सुचतंय? आता मातीचा असतो तर निवांत पूजा हुती." मग जरा थांबून म्हणाली, "पर शान गेली बघ." दोन्ही वाक्यं मी तुमच्यापुढं ठेवते आहे. तिला शानही हवी होती. आपल्याला सोयीचं तेवढंच बाईच्या तोंडून काढून घ्यायचं, हे काही बरोबर नाही.

पंचमी बुडाली नाही. मातीच्या नागाची, चित्राची पूजा होते, पालखी निघते, पाहुणे येतात. 2025 साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं शिक्षण आणि अभ्यासासाठी 21 नाग पकडायची परवानगी दिली, त्यावरून पुन्हा वाद झाला. ती परवानगी मिरवणुकीसाठी नव्हती. त्या वादात मी शिरत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे, की जी गोष्ट बदलली तर सगळं संपेल असं छाती पिटून सांगत होते, ती बदलली आणि सण राहिला. उलट मूळच्या बाईनं जे पुजलं होतं, मातीचं, तिथंच सण परत आला.

देवळात एक गोष्ट घडली तीही सांगते. आमच्यातल्या तिघी बाहेरच थांबल्या. अडचण होती. कुणी अडवलं नव्हतं, त्या आपणहून थांबल्या. 2016 साली मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की जिथं पुरुष जाऊ शकतो त्या देवळात स्त्रीलाही जाता येतं, अडवणं हा 1956 च्या कायद्याखाली गुन्हा आहे. त्यानंतर शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला. पण त्या तिघींना कायदा सांगून आत ढकलण्यात काय अर्थ होता? मी त्यांच्याजवळ बाहेर बसले. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं तिथंच, पायरीवर झालं.

बोलणं निघालं भावाच्या उपासाचं.

आपल्याकडं पंचमीच्या आदल्या दिवशी, नागचतुर्थीला, बाई भावासाठी उपास धरते. नाग हा भाऊ. पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा टाकायचा नाही, जमीन खणायची नाही, दिंडं उकडायची. वारुळाला जायचं, फेर धरायचा, झोके बांधायचे. मुराळी येतो, लेक माहेरी जाते. वर्षभर सासरी राबलेल्या बाईला हे दोन दिवस काय असतात, हे ज्यांनी कधी रांधलं नाही त्यांनी अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढू नये. शिवाय या उपासाची एक गोष्ट माझ्या मनात भरते. वटपौर्णिमा नवऱ्याची, नवरा गेला की ती बाईच्या हातून जाते, हळदी-कुंकू जातं, ओटी जाते. भावाचा उपास जात नाही. कुमारी धरते, सवाष्ण धरते, विधवा धरते, नवऱ्यानं टाकलेली धरते. 2022 साली शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवेच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मग सरकारनं परिपत्रक काढून साऱ्या गावांना तो कित्ता घ्यायला सांगितलं. तोवर विधवा बाईला सणात उभं राहायला जागा होती ती अशाच एखाद्या कोपऱ्यात, बहीण म्हणून.

पंचमीची कहाणी तुम्ही लहानपणी ऐकली असेल. शेतकरी नांगरत होता, नांगराच्या फाळाखाली नागिणीची पिल्लं मेली. नागिणीनं रागानं त्या शेतकऱ्याला, बायकोला, पोरांना, सगळ्यांना दंश केला. एक लेक परगावी दिलेली होती. नागीण तिलाही डसायला निघाली. जाऊन बघते तर लेक पाटावर नाग काढून पूजा करते आहे, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवते आहे. नागीण निवली. तिनं अमृत दिलं, लेक धावत माहेरी आली आणि बाप, आई, भाऊ, सगळे उठवले.

मी कहाणी सांगितली आणि त्या पायरीवर एकीनं विचारलं, "मग पुढं ती परत सासरी गेली का?" गेलीच असणार. घर दिलेल्या लेकीनं वाचवलं, आणि ते नांगरलेलं शेत कुणाच्या नावावर राहिलं, हे कहाणी सांगत नाही. ते सांगायला सातबारा लागतो.

आमच्या सल्ला केंद्रात एक बाई येते. नाव-गाव सांगणार नाही. नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आली, पडवीत राहिली, भावाच्या उसात भांगलायला जायची. बाप वारला. पुढं पंचमी जवळ आली तसं भाऊ म्हणाला, वारसाची नोंद करायची आहे, तालुक्याला चल. सही केली, लुगडं मिळालं, भेळ खाऊन दोघं घरी आली. चार वर्षांनी भावजयीशी बिनसलं, पडवी सोडायला सांगितली. तेव्हा कागद काढून पाहिला तर तो वारसाचा अर्ज नव्हता, नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र होतं. तिला मी विचारलं, अजून भावाचा उपास धरतेस? म्हणाली, "सोडला आन त्याला काय झालं तर? मग मीच जल्मभर म्हनीन, माझ्यामुळं झालं."

या वाक्याला उत्तर माझ्याकडच्या एम.एस.डब्ल्यू.च्या पुस्तकात नव्हतं. पण एक प्रश्न तिच्याच वाक्यातून निघतो. बहिणीच्या उपाशी राहण्यात एवढी ताकद आहे, की तो सोडला तर भावाचा जीव धोक्यात येईल, असं आपण मानतो. मग त्याच बहिणीचं नाव उताऱ्यावर राहिलं तर भावाचं वाटोळं होतं, असं कसं मानतो?

कायदा थोडक्यात सांगते, कारण अर्धवट ऐकलेला कायदा फार नुकसान करतो. बापानं स्वतः कमावलेल्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, लेकीला लेकाइतका वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मानं हक्क महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. 2005 साली केंद्राचा कायदा बदलला आणि 9 सप्टेंबर 2005 पासून लग्न झालेली, न झालेली, सगळ्या लेकींना लेकासारखाच हक्क मिळाला. मग वाद निघाला, त्या तारखेला बाप जिवंत पाहिजे की नको? 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: नको. हक्क जन्मानं आहे. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेलं वाटप किंवा विक्री यातून उकरता येत नाही.

आता कागदाचं. बाप गेल्यावर वारसाची नोंद होते, फेरफार पडतो, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. ही नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते आणि तिथंच देव्हाऱ्यामागं राहते. म्हणून बाप किंवा आई वारली की चौकशी आपण करायची. उताऱ्यावर नाव लागलं नाही म्हणून हक्क बुडत नाही. पण जमीन विकली गेली की कोर्टाच्या पायऱ्या वाढतात. हक्कसोडपत्र हा वेगळा कागद आहे. तो दुय्यम निबंधकाकडं नोंदवावा लागतो, तिथं फोटो काढतात, अंगठा घेतात. "वारसाची नोंद करायची" म्हणून कुणी तुम्हाला फोटो काढायला बसवलं, तर उठा आणि कागद वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तो आपला अधिकार आहे. फसवून सही घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात जाता येतं, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. वर सांगितलेल्या बाईला कळलं तेव्हा हातात वेळ होता. खटला चालू आहे.

भावांची बाजूही मांडते, कारण आपणही भावांच्या बहिणी आहोत आणि कुणा भावजयीच्या नणंदा. वाळव्यात जमीन म्हणजे पुष्कळ घरांत एकर, दीड एकर. तिच्यावर सोसायटीचं कर्ज, तिच्यावर कारखान्याचा ऊस. उताऱ्यावर नावं वाढली की कर्जाला प्रत्येकाची सही लागते, आणि मुंबईला दिलेली बहीण सहीला कुठून आणायची, असं भाऊ म्हणतो. म्हणणं खोटं नाही. त्याला मार्ग आहेत: जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडं संमतीनं वाटप करून घेता येतं, किंवा नाव ठेवून कर्जापुरती संमती लिहून देता येते. हक्कच सोडून दे हा त्यातला एकच मार्ग, आणि नेमका तोच बहिणीला सुचवला जातो. कुणी समजून-उमजून, भावाची ओढगस्त बघून हक्क सोडला, तर मी तिला नावं ठेवणार नाही. आपलं आपण दिलं त्याला दान म्हणतात. काय देतो आहोत हेच जिला सांगितलं नाही, तिनं दान कुठं केलं?

हुंडा दिला, लग्न केलं, दिवाळीला साडी करतो, हाच तिचा वाटा, असंही ऐकायला मिळतं. हुंडा घेणं-देणं 1961 पासून गुन्हा आहे. गुन्ह्याची रक्कम वाट्यातून वजा कशी करायची, ते मला कुणी सांगावं. आणि तो हुंडा गेला सासऱ्याच्या खिशात.

या जिल्ह्यात हे बोलणं नवं नाही. कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या बायकांनी परित्यक्तांचा प्रश्न इथंच हाती घेतला, टाकलेल्या बाईला स्वतंत्र रेशनकार्ड आणि घराला जागा मागितली. तेव्हाही म्हणत, बायका घरं फोडायला निघाल्या. टाकलेली बाई माहेरी येते तेव्हा तिला पडवी भावाच्या मर्जीनं मिळते की स्वतःच्या वाट्याची मिळते, यावर तिचं पुढलं सगळं आयुष्य ठरतं. नवऱ्यानं मारलं तर निघून जायला जागा आहे, हे नुसतं ठाऊक असलं तरी सासरच्या हाताला जरा आवर बसतो. केंद्रात मी हे बघितलेलं आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न त्या पायरीवर आला. तिघींतली धाकटी, पेठेच्या बाजूची, म्हणाली, "ताई, नाव लावलं आन मुराळी आलाच न्हाई तर? एक एकराच्या तुकड्यासाठी म्हायेर घालवू?" मी तिला खोटा धीर दिला नाही. काही भाऊ येत नाहीत. पहिली दोन-चार वर्षं तर नाहीच येत. आमच्या केंद्रात ज्यांनी नावं लावली त्यांतल्या काहींची दारं पुन्हा उघडली, काहींची अजून बंद आहेत. पण तिच्या शेजारी बसलेली दुसरी म्हणाली ते मला महत्त्वाचं वाटलं. ती म्हणाली, "मी सही करून दिली हुती. तरी तीन वर्सं मुराळी न्हाई." तिघीही मग बराच वेळ गप्प होत्या. आत देवळात आरती सुरू झाली होती.

परतीच्या गाडीत हाच विषय चालला. एक म्हणाली, पंचमीला आपण सगळ्या माहेरी असतो, तर त्याच दिवशी उतारा बघायचा. दुसरी म्हणाली, सणाच्या दिवशी नको, भांडण लागेल. आदल्या दिवशी, उपासाच्या दिवशी बघू. हसण्यावारी चाललं होतं, पण मी ते वहीत लिहून घेतलं आहे, आणि पुढच्या नागचतुर्थीला ज्यांना करायचं त्यांच्यासाठी आत्ताच तयारी करू.

येत्या बैठकीला येताना माहेरच्या गावाचं नाव, तालुका आणि आजोबांचं किंवा वडिलांचं पूर्ण नाव लिहून आणा. गट नंबर माहीत असेल तर उत्तम. नसेल तर आडनावावरूनही महाभूलेखवर उतारा शोधता येतो. नुसता बघायला पैसे पडत नाहीत, सहीचा लागला तर 15 रुपये. आपल्या गटातल्या दोन मुली फोनवर काढून देतील. आई हयात असेल तर तिचं नाव लागलं आहे का, तेही बघायचं. पुष्कळ घरांत लेकीच्या आधी आईच गाळलेली असते. आणि सासरचा उताराही आणा. तिथं कुठल्या नणंदेचं नाव गेलं आहे, ते आपल्यालाच बघायचं आहे.